टँकमध्ये मासे आधीच सोडलेत? मग पुढचे सहा आठवडे फिल्टर तुम्हीच

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला, डोंबिवलीहून, आणि आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. "मावशी, सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत, पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे गं, मग झालं काय यांना?" मी विचारलं टँक कधी आणला, तर म्हणे वाढदिवसाला, म्हणजे सहा दिवस झाले, दोन फुटी टँक, स्पंजवाला फिल्टर, रंगीत खडी, आणि त्याच दिवशी त्याच दुकानातून दोन गोल्डफिश आणि चार मॉली. पाणी भरलं, पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली, मासे सोडले. फिल्टर चोवीस तास चालू ठेव एवढं दुकानात सांगितलं होतं, पण तो फिल्टर अजून फिल्टर झालेलाच नाहीये हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री आणि नंतर महिनाभर आमचं फोनवर जे बोलणं झालं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण बहुतेक घरांत टँक असाच येतो, मासे आणि टँक एकाच दिवशी. खरी पद्धत वेगळी आहे, आधी रिकामा टँक महिना-दीड महिना चालवून तयार करायचा आणि मग मासे आणायचे, पण तुमचे मासे आत्ता पाण्यात आहेत तर ते ऐकून आता काय उपयोग. आता जे आहेत ते जगवायचेत, आणि ते जगवता येतात, फक्त आत काय चाललंय ते नीट समजलं पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी स्वच्छ दिसणं आणि पाणी माशांना चालणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहात साखर विरघळली की दिसत नाही ना, तसं टँकमधलं विष दिसत नाही, वासही येत नाही. त्या विषाचं नाव अमोनिया. गोठ्यात शिरल्यावर नाकात जातो तो उग्र वास याचाच, टँकमध्ये फक्त तो इतका थोडा असतो की नाकाला कळत नाही. मासा जे खातो त्यातल्या प्रोटीनचं पचन झालं की उरलेला नत्र तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून, म्हणजे श्वास घेता घेता. त्यामुळे "मी विष्ठा काढून टाकतो रोज" असं कोणी म्हणालं तरी अमोनिया काही थांबत नाही. त्यात न खाल्लेलं खाणं खडीत सडतं, एखादं पान कुजतं, त्याचाही अमोनियाच होतो. नदीत किंवा तळ्यात मासा असतो तेव्हा हे सगळं प्रचंड पाण्यात पातळ होऊन जातं, शिवाय तिथे ते खाणारे जीव आधीपासून बसलेले असतात. टँक म्हणजे दारं-खिडक्या बंद केलेली खोली.

थोडं गणित करून दाखवते, मला स्वतःला हे गणित केल्यावरच सगळं पटलं होतं. दोन फुटी टँक म्हणजे साधारण ५५ लिटर, पण खडी, दगड आणि वरची रिकामी जागा सोडली तर पाणी धरा ४५ लिटर. दिवसाला अर्धा ग्रॅम खाणं टाकलं, त्यात ४० टक्के प्रोटीन, म्हणजे ०.२ ग्रॅम प्रोटीन, आणि प्रोटीनच्या वजनातला १६ टक्के भाग नत्र असतो, म्हणजे ३२ मिलिग्रॅम नत्र. ४५ लिटरमध्ये वाटलं तर लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम, ज्याला टेस्ट किटवर पीपीएम म्हणतात. यातला काही भाग माशाच्या अंगी लागतो, सगळा बाहेर येत नाही, अर्धा आला असं धरलं तरी रोज ०.३५ पीपीएमची भर. सहा दिवसांत दोनच्या वर. भाच्याने दुसऱ्या दिवशी सकाळी किट आणून टेस्ट केली तेव्हा नेमका तेवढाच रंग आला होता, गडद हिरवा, दोनच्या रकान्यातला. नव्या टँकमध्ये मासे आठवड्याभरात का मरतात याचं उत्तर एवढंच आहे, त्यात नजर लागणं किंवा "मासे आपल्याला लाभत नाहीत" असलं काही नाही, चिमूटभर खाण्याचा हिशोब आहे.

मग जुन्या टँकमध्ये मासे वर्षानुवर्षं कसे जगतात? तिथे तो अमोनिया खाणारं कोणीतरी असतं. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ या दोन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो मला फार आवडतो कारण तो म्हणजे अक्षरशः आपला टँक आहे. त्यांनी एका उभ्या नळीत वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि वरून अमोनिया असलेलं सांडपाणी सावकाश सोडत राहिले. पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही, वरून जेवढा अमोनिया गेला तेवढाच खालून आला. वीस दिवसांनंतर खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट नावाचा दुसराच पदार्थ दिसायला लागला आणि हळूहळू अमोनिया संपलाच. आता, हे जर नुसतं रसायनशास्त्र असतं, म्हणजे वाळूला लागून अमोनिया आपोआप बदलत असता, तर पहिल्या दिवशीच बदलला असता ना, वीस दिवस कशाची वाट बघितली? म्हणून त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, आणि काम ठप्प. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही ते परत सुरू होईना, शेवटी बागेतल्या मातीचं धुवण त्यात घातल्यावर सुरू झालं. म्हणजे वाळूत कोणीतरी जिवंत होतं, वीस दिवस ते वाढत होतं, आणि मेल्यावर बाहेरून आणून परत बसवावं लागलं. वाट बघणं, औषधाने ते मरणं आणि दुसरीकडून आणून बसवणं, या तिन्ही गोष्टी तुमच्या टँकमध्येही जशाच्या तशा होतात.

ते जीव म्हणजे बॅक्टेरिया, आणि त्यांच्या दोन पाळ्या आहेत. पहिल्या पाळीतले अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या पाळीतले नायट्राइट खाऊन नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच आहे, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, ४० पीपीएमच्या खाली राहिलं तर बहुतेक मासे आरामात असतात. शेतकऱ्याला हे सांगायला नको, युरिया टाकल्यावर जमिनीत हेच घडतं, पिकाला नत्र मिळतं ते बरंचसं याच बॅक्टेरियांच्या हातून. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या पाळीचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेलं असतं, पण १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टँकांमध्ये शोध घेतला तेव्हा तिथे मुख्य काम नायट्रोस्पायरा करतो असं दिसलं, आणि २०१५ मध्ये तर या नायट्रोस्पायरातलेच काही असे सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही पाळ्या एकटे करतात, त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच मिळाले. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते हे की हे बॅक्टेरिया भयंकर सावकाश वाढतात. दूध नासवणारे बॅक्टेरिया तासात दुप्पट-चौपट होतात, यांना एकदा दुप्पट व्हायला अर्धा-एक दिवस सहज लागतो, आणि तोही सगळं मनासारखं असेल तर. म्हणून चार ते आठ आठवडे, त्याला इलाज नाही. बॅक्टेरिया असे पुरेसे वाढून टँक तयार होणं, ह्यालाच टँक सायकल होणं म्हणतात.

आणि ते राहतात कुठे, तर पाण्यात नाही. हे नीट वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. ते चिकटून राहतात, स्पंजच्या छिद्रांत, खडीवर, काचेवर, तो जो बुळबुळीत थर बोटाला लागतो ना, त्यात. त्यामुळे पाणी बदललं तर बॅक्टेरिया जातील ही भीती बिनबुडाची आहे, उलट स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पांढरा होईपर्यंत पिळलात तर नळातल्या क्लोरीनने तीन आठवड्यांची कमाई एका मिनिटात गेली. माझ्या पहिल्या टँकला मी दर रविवारी हेच करायचे, दुकानात मला तसंच सांगितलं होतं, सगळं पाणी काढा, खडी धुवा, फिल्टर धुवा, आणि दर बुधवार-गुरुवारी एक मासा जायचा. पाच मासे गेले तेव्हा मी बारावीत होते, आणि ते प्रत्येक वेळी कागदात गुंडाळून कुंडीत पुरायला आई यायची सोबत. अजून आठवतं. म्हणून हे लिहायचं.

तर आता मुद्द्याचं. बॅक्टेरिया तयार व्हायला सहा आठवडे लागणार आणि मासे तर आत्ता अमोनिया सोडतायत, मग मधल्या काळात तो काढायचा कोणी? तुम्ही, बादलीने. एवढीच युक्ती आहे सगळी. अमोनिया इतका ठेवायचा की बॅक्टेरियांना खायला मिळावं पण माशांचे कल्ले जळू नयेत, आणि त्यासाठी रोज मोजायचं.

मोजायला थेंबांचं किट घ्या, कागदी पट्ट्या नकोत, बऱ्याच पट्ट्यांमध्ये अमोनियाचा चौकोनच नसतो आणि आपल्याला नेमका तोच हवाय. काचेच्या छोट्या नळीत खुणेपर्यंत टँकचं पाणी घ्यायचं, किटवर लिहिलेत तेवढे थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, सांगितलेली मिनिटं थांबायचं आणि पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघायचा, दिवसाच्या उजेडात, ट्यूबच्या प्रकाशात पिवळा आणि हिरवट यातला फरक कळत नाही. अमोनियाचा रंग पिवळा असेल तर शून्य, हिरवेपणा वाढेल तसा अमोनिया जास्त. किट महाग वाटतं खरं, पण मेलेले मासे परत परत आणण्यापेक्षा स्वस्तच पडतं, आणि पूर्ण किट परवडत नसेल तर निदान अमोनिया आणि नायट्राइट या दोन बाटल्या तरी घ्याच.

आकडा कुठे ठेवायचा? अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही मिळून ०.५ च्या खाली. त्याच्या वर गेलं की त्या दिवशी पाणी बदलायचं, कंटाळा आला तरी. आणि बदलायचं किती ते गणिताने ठरवायचं, "दोन मग काढून दोन मग टाकले" याने काहीच होत नाही. अमोनिया १ असेल आणि पाव पाणी बदललं तर उरतो ०.७५, अर्धं बदललं तर ०.५, आणि तासाभराने परत अर्धं बदललं तर ०.२५. भाच्याचा दोन होता, म्हणून त्याला मी त्या दिवशी दोनदा अर्धं पाणी बदलायला सांगितलं, तो ०.५ वर आला, रात्री आणखी एकदा. त्याच संध्याकाळी मॉली खाली येऊन पोहायला लागल्या. मग पुढचे दोन-तीन आठवडे रोज किंवा एक दिवसाआड तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी, जसा आकडा सांगेल तसं.

नवीन पाणी घालताना नळाचं पाणी तसंच ओतायचं नाही. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो, आपल्यासाठी तो चांगलाच आहे पण माशांच्या कल्ल्यांना आणि बॅक्टेरियांना दोघांनाही मारक. दुकानात अँटिक्लोरीन मिळतं, थेंबांचं किंवा खड्यांचं, खडे असतील तर त्याला हायपो म्हणतात, पाकिटावरच्या मापाने बादलीत आधी घालायचं आणि मग ते पाणी टँकमध्ये. नाहीतर बादली भरून रात्रभर त्यात एअर पंपाचा दगड बुडबुडत ठेवायचा, साधा क्लोरीन त्याने उडून जातो. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला वास जास्त येतो तेव्हा तर हे विसरूच नका. आणि हात घालून बघा, टँकचं पाणी आणि बादलीचं पाणी हाताला सारखं लागलं पाहिजे, गच्चीवरच्या टाकीतलं मे महिन्याच्या दुपारचं पाणी म्हणजे निम्मं उकळलेलंच असतं.

आता पीएचबद्दल, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणाऱ्या आकड्याबद्दल, हे थोडं किचकट आहे पण सोडून चालणार नाही. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक जवळजवळ निरुपद्रवी, त्याला अमोनियम म्हणतात, आणि किट दोन्ही मिळून एकच आकडा दाखवतं. कोणाचा वाटा किती ते पीएच ठरवतो. पाणी २५ अंशाला असेल आणि पीएच ७ असेल तर विषारी वाटा जेमतेम अर्धा टक्का, तोच पीएच ८ झाला तर पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे जवळपास दहापट. म्हणून बोअरचं जड पाणी वापरणाऱ्याला, जिथे पीएच बऱ्याचदा ८ च्या आसपास असतो, ०.५ अमोनियाही जड जातो, त्यांनी ०.२५ वरच पाणी बदलावं. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ असतं, तिथे विषारी वाटा कमी, पण तिथे दुसरीच अडचण. बॅक्टेरिया काम करताना पाण्यातला क्षार, ज्याला अल्कलिनिटी म्हणतात तो, खर्च करतात. मऊ पाण्यात तो मुळात कमी, तो संपला की पीएच घसरत ६ च्या घरात जातो आणि बॅक्टेरिया कामच थांबवतात. मग अमोनिया साठतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो निरुपद्रवी रूपात असतो आणि मासे ठीक दिसतात. अशा वेळी महिनाभराने एकदम जागं होऊन कोणी बोअरच्या पाण्याने सगळा टँक भरला की पीएच झटकन वर, साठलेला सगळा अमोनिया क्षणात विषारी, आणि मासे तासाभरात उलटे. "पाणी बदललं म्हणून मासे मेले" असं जे ऐकू येतं ना, ते बऱ्याचदा हे असतं. उपाय साधा आहे, मऊ पाणी असेल तर कोकणातून आणलेल्या शिंपल्या स्वच्छ धुऊन, उकळून, मूठभर फिल्टरजवळ टाकून ठेवायच्या, त्या हळूहळू विरघळत क्षार देत राहतात. आणि आरओचं पाणी टँकला वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतातच, माणसाच्या प्यायच्या पाण्याचा निकष माशाला लागू होत नाही.

खाणं. हे सगळ्यात अवघड आहे कारण मासे काचेशी येऊन नाचायला लागले की लहान मुलांना राहवत नाही, आणि आजीआजोबांना तर नाहीच नाही. पण वरचं गणित आठवा, जितकं खाणं तितका अमोनिया. या सहा आठवड्यांत दिवसातून एकदा, एक-दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस उपास. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे, अंगातली ऊब टिकवायला त्याला खावं लागत नाही, आठवड्यात दोन उपासांनी काही होत नाही त्याला. भाच्याच्या घरी तर खाण्याचा डबा वरच्या कपाटात ठेवला आणि रोजचा वाटा औषधाच्या पुडीसारखा बांधून ठेवला, तेव्हा कुठे सगळ्यांचं जमलं.

आणि मासे जास्त असतील तर परत करा. मला माहितीये हे ऐकायला नको वाटतं, पण दोन फुटात दोन गोल्डफिश म्हणजे खूपच आहे, ते मोठे होतात, खातात जास्त आणि घाण जास्त करतात. भाच्याचे दोन्ही गोल्डफिश त्याच्या ओळखीच्या एकाकडे मोठ्या टँकमध्ये गेले आणि चार मॉली राहिल्या, त्या दिवसापासून पाणी बदलण्याचं काम निम्म्यावर आलं.

आता विरजण. दही लावताना आपण वाट बघत बसतो का की हवेतून काहीतरी पडेल आणि दूध लागेल? शेजारून चमचाभर विरजण आणतो. तसंच ओळखीत कोणाचा वर्ष-दोन वर्षांचा चांगला चाललेला टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये सरकवा, तुकडा नाही देत म्हणाले तर त्यांचा स्पंज त्यांच्याच टँकच्या पाण्यात पिळून ते काळपट पाणी आणा आणि आपल्या फिल्टरजवळ ओता. दिसायला घाण दिसतं पण त्याच्याइतकं मोलाचं काही नाही. आणताना ओलं ठेवायचं, त्यांच्याच पाण्यात, डब्यात वर हवा ठेवून, आणि दोन-चार तासांत पोचवायचं, वाळलं की मेलं. ज्या टँकमध्ये मासे आजारी आहेत तिथून मात्र आणू नका, आजारही सोबत येतो. बाटलीतले बॅक्टेरिया मिळतात, काही चालतात, पण या जातीचे बॅक्टेरिया बीजासारखं कवच करून झोपून राहू शकत नाहीत, त्यामुळे उन्हाळाभर दुकानाच्या फळीवर तापलेल्या बाटलीत कितपत काय जिवंत असेल याचा विचार करून पैसे घाला. कोरडी पावडर तर मी घेणारच नाही.

विरजणासारखीच दुसरी मदत झाडांची. मनी प्लांटची एक वेल, माती धुऊन, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील अशी टँकच्या कडेला अडकवून द्या, ती थेट अमोनियाच खायला लागते. पाण्यातली हायड्रिला किंवा हॉर्नवर्टची जुडी टाकली तरी तेच. झाडं पटापटा वाढणारी हवीत, वाढ म्हणजेच नत्र शोषणं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधीतरी अमोनिया उतरायला लागतो आणि सगळ्यांना वाटतं झालं काम. तेव्हाच नायट्राइट चढतो. भाच्याच्या वहीत दिवस १७ ला पहिल्यांदा नायट्राइटच्या नळीत निळ्याऐवजी जांभळट रंग आला आणि त्याने घाबरून फोन केला, मी म्हटलं अरे ही तर चांगली बातमी आहे, पहिली पाळी कामाला लागली. पण माशांसाठी तो काळ वाईट. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातो आणि रक्ताची ऑक्सिजन धरायची ताकदच घालवतो, रक्त लालऐवजी तपकिरी पडतं, आणि पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो. तो आत शिरतो त्याच वाटेने ज्या वाटेने मिठातला क्लोराइड शिरतो, म्हणून पाण्यात थोडं मीठ असलं की वाट आधीच भरलेली असते आणि नायट्राइटला जागा कमी मिळते. ४० लिटरला चहाचा एक चमचा साधं खडे मीठ पुरतं, मगमध्ये विरघळवून हळूहळू घालायचं. मीठ उडून जात नाही, म्हणून पुढे पाणी बदललं की जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ परत घालायचं, दर वेळी पूर्ण चमचा नाही. नायट्राइटचा हा टप्पा लांबतो, कधीकधी तीन आठवडेही, धीर सोडू नका आणि बादली सोडू नका.

एअर पंप रात्री बंद करायचा नाही. आवाजाने झोप लागत नाही म्हणून घरोघरी हेच होतं, पण माशांसारखाच या बॅक्टेरियांनाही ऑक्सिजन भरपूर लागतो, एक ग्रॅम अमोनियातल्या नत्राचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅम ऑक्सिजन जातो. आवाज येत असेल तर पंपाखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवा. लाइट गेली तर मगने पाणी काढून एक फूट वरून परत टँकमध्ये ओता, दर पंधरा-वीस मिनिटांनी दहा-बारा मग, मासे आणि स्पंज दोन्ही तगतात.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झालं तर घाबरून टँक रिकामा करू नका, ते वेगळेच बॅक्टेरिया, उरलेल्या खाण्यावर वाढलेले, चार-पाच दिवसांत आपोआप बसतात, फक्त खाणं कमी करा आणि हवा चालू ठेवा. आणि मासा मलूल दिसला म्हणून टँकमध्ये अँटिबायोटिक किंवा निळं औषध ओतू नका, श्लोझिंगच्या क्लोरोफॉर्मने जे केलं तेच ते करू शकतं. नव्या टँकमध्ये मासा मलूल असण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा पाणीच असतं, आधी टेस्ट, मग बादली, आणि औषध द्यायचंच असेल तर मासा वेगळ्या बादलीत घेऊन.

भाच्याच्या टँकमध्ये पंधराव्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधून आणलेला स्पंजचा तुकडा गेला होता, विसाव्या दिवशी अमोनिया शून्य, छत्तिसाव्या दिवशी नायट्राइट शून्य. पण एका शून्यावर विश्वास ठेवायचा नाही. रोजच्यासारखं खाणं घाला, पाणी बदलू नका, चोवीस तासांनी मोजा, असं सलग आठवडाभर दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट मात्र हळूहळू चढताना दिसलं, तर टँक सायकल झाला. नायट्रेट चढणं महत्त्वाचं, कारण तीच पावती आहे की अमोनिया कुठेतरी गेला नाही, पचला.

त्यानंतर आठवड्याला पाव पाणी, म्हणजे नायट्रेट ४० च्या खाली राहतं, आणि काढलेलं पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना, मीठ घातलेलं असेल तोवर मात्र मोरीत. स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळून परत जागेवर. नवीन मासे आणायचेच असतील तर एका वेळी दोन, कारण बॅक्टेरिया आत्ता चार मॉलींपुरतेच आहेत, खाणारी तोंडं वाढली की त्यांनाही वाढायला वेळ लागतो. दोन आणले की आठवडाभर परत रोज अमोनिया मोजायचा, आणि पिवळाच राहिला तर दोन आठवड्यांनी पुढचे दोन.